गाडीच्या मागं ट्रेलर जोडला की बूड किती बसणार, याचं गणित साडेतीनशे वर्षांपूर्वी मांडणारा रॉबर्ट हूक

ऑस्ट्रेलियाच्या हायवेवर एक दृश्य हमखास दिसतं. निवृत्त झालेलं जोडपं, त्यांची दणकट फोर बाय फोर आणि गाडीच्या मागं जोडलेलं चाकांवरचं घर, म्हणजे कॅरॅव्हॅन. घर विकून किंवा कुलूप लावून ही माणसं महिनोन् महिने देश फिरत असतात.

पण यातल्या काही गाड्या बाजूनं नीट बघितल्या की एक गोष्ट लक्षात येते. गाडीचं मागचं बूड खाली बसलेलं असतं आणि नाक वर गेलेलं असतं. पहाटे मार्केट यार्डात कांदा भरून निघालेली पिकअप आठवा, सेम तसंच.

गाडी अशी बसली की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, स्टेअरिंग हलकं लागतं आणि खड्ड्यात मागचं सस्पेन्शन ठाणकन आपटतं. मग मालक ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो. तिथं पर्यायांची रांग असते. जाड स्प्रिंगा, जादा पाटे, एअरबॅग, दोन इंचाचा लिफ्ट किट. प्रत्येक जण आपलाच माल भारी म्हणून सांगतो.

आता यातलं घ्यायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर ज्या एका ओळीच्या नियमावर उभं आहे, तो नियम आपण सगळ्यांनी अकरावीच्या फिजिक्समध्ये पाठ केलाय. हूकचा नियम. मार्कांपुरता पाठ केला आणि विसरून गेलो. पण ज्या माणसानं तो मांडला, त्याची स्टोरी कुणी सांगितली नाही. या माणसानं स्प्रिंगवर बसवलेल्या बग्गीत स्वतः बसून चक्कर मारली होती. अर्ध्या लंडनची मोजणी केली होती. आणि आज त्याचं एकही खात्रीशीर चित्र जगात नाही, की त्याची कबर कुठाय हे कुणाला ठाऊक नाही.

तर ही गोष्ट आहे रॉबर्ट हूकची.

लाकडाचं घड्याळ बनवणारा पोरगा

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या फ्रेशवॉटर गावात १८ जुलै १६३५ ला हूकचा जन्म झाला. वडील जॉन हूक गावच्या चर्चमध्ये पाद्री होते. पोरगं लहानपणापासून आजारी. सतत डोकं दुखायचं. त्यामुळं नेमानं शाळा अशी झालीच नाही.

पण हाताला स्वस्थता नव्हती. एकदा पितळेचं घड्याळ खोललेलं त्यानं बघितलं आणि बघून बघून लाकडाचं घड्याळ बनवलं. ते चाललं पण. मग एक छोटं जहाज बनवलं, त्यात बार उडवणाऱ्या तोफासुद्धा बसवल्या.

१६४८ ला वडील गेले. तेव्हा हूक १३ वर्षांचा होता. वाट्याला आले साधारण ४० पौंड. ते घेऊन पोरगा लंडनला आला. चित्रं चांगली काढायचा म्हणून पीटर लेली या नावाजलेल्या चित्रकाराकडं शिकायला राहिला. पण रंगांच्या वासानं डोकं दुखायला लागलं आणि ते सुटलं.

तिथून तो वेस्टमिन्स्टर शाळेत गेला. तिथले हेडमास्तर रिचर्ड बझ्बी छडीसाठी प्रसिद्ध होते, पण या पोराला त्यांनी सांभाळून घेतलं. युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं त्यानं आठवड्यात उरकली असं त्याच्या ओळखीच्या माणसानं पुढं लिहून ठेवलंय. याच वयात त्याच्या पाठीला बाक यायला लागला आणि तो जन्मभर राहिला.

१६५३ ला हूक ऑक्सफर्डला गेला. तिथं त्याला रॉबर्ट बॉइल भेटले. बॉइल श्रीमंत घरचे होते, हूककडं हात आणि डोकं होतं. बॉइल यांच्यासाठी हवा ओढून घेणारा पंप हूकनं बनवला. त्याच पंपावरच्या प्रयोगांतून पुढं बॉइलचा नियम आला. म्हणजे पुस्तकात नाव बॉइल यांचं, पण यंत्र हूकच्या हातचं.

दर आठवड्याला नवा प्रयोग करून दाखवायची नोकरी

१६६० ला लंडनमध्ये रॉयल सोसायटी सुरू झाली. सरदार, डॉक्टर, पाद्री, हौशी मंडळी आठवड्यातून एकदा जमायची आणि निसर्गाबद्दल चर्चा करायची. पण नुसत्या चर्चेनं काय होणार? प्रयोग करून दाखवणारा कुणीतरी पाहिजे. म्हणून नोव्हेंबर १६६२ मध्ये हूकला प्रयोगांचा प्रमुख नेमलं.

काम काय, तर प्रत्येक बैठकीत तीन-चार दखल घेण्यासारखे प्रयोग करून दाखवायचे. सुरुवातीला पगार नाही. नंतर जॉन कटलर नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यानं व्याख्यानांसाठी वर्षाला ५० पौंड द्यायचं कबूल केलं, पण ते वेळेवर काही मिळाले नाहीत. हूकला कोर्टात जावं लागलं. निकाल लागला १६९६ ला, तोपर्यंत कटलर वारलेही होते.

१६६५ ला हूकचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक आलं. मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या गोष्टींची मोठमोठी चित्रं त्यात होती. पिसूचं चित्र तर घडी उलगडून बघायला लागायचं इतकं मोठं. बुचाच्या पातळ कापात त्याला बारीक खणखण दिसले, त्याला त्यानं सेल म्हटलं. जीवशास्त्रातला तो शब्द तिथून आला. नौदलात मोठ्या हुद्द्यावर असलेला सॅम्युअल पीप्स हे पुस्तक वाचत रात्री दोनपर्यंत जागा राहिला, अशी नोंद त्याच्या डायरीत आहे.

याच पीप्सच्या डायरीत आपल्या कामाची आणखी एक नोंद आहे.

१ मे १६६५, स्प्रिंगवरच्या बग्गीची टेस्ट ड्राइव्ह

त्या काळात घोडागाडीत बसणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. रस्ते दगडधोंड्यांचे. बग्गीचा डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला असायचा. डबा झुलायचा, पण दणका बसायचा तो बसायचाच.

रॉयल सोसायटीनं हा विषय मनावर घेतला. कर्नल ब्लंट नावाचे एक सदस्य गाड्या आरामदायी करायच्या मागं लागले होते. १ मे १६६५ ला सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर, सर रॉबर्ट मरे, जॉन विल्किन्स, पीप्स आणि आपला हूक असे सगळे ब्लंट यांच्या घरी जेवायला गेले. जेवण यथातथाच होतं असं पीप्स लिहितो. जेवणानंतर प्रयोग सुरू झाले. वेगवेगळ्या जुळण्या करून बघितल्या. त्यातली एक सगळ्यांना पसंत पडली. त्यात बग्गीचा अख्खा डबा एका लांबलचक स्प्रिंगवर बसवला होता. एकेकानं त्यात बसून चक्कर मारली.

म्हणजे आज आपण गाडी घ्यायच्या आधी खड्ड्यातून टेस्ट ड्राइव्ह घेतो, ते या मंडळींनी तेव्हाच केलं होतं.

त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग आला. सोसायटीच्या बैठका बंद पडल्या. हूक, विल्किन्स आणि विल्यम पेटी एप्समजवळच्या एका मोठ्या घरात जाऊन राहिले. ऑगस्टमध्ये जॉन एव्हलिन त्यांना भेटायला गेला तर हे तिघं तिथंही गाड्या, जहाजाचे दोर आणि चाकं यांच्याशीच खेळत बसलेले.

स्प्रिंगच्या गाड्या सर्रास व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. पण स्प्रिंग नेमकी वागते कशी, हा किडा हूकच्या डोक्यातून गेला नाही.

लंडन जळालं आणि हूकच्या हातात फीत आली

सप्टेंबर १६६६ ला लंडनला मोठी आग लागली. १३ हजारांहून जास्त घरं आणि ८७ चर्च जळून गेली. शहर परत उभं करायचं तर आधी कुणाची जागा कुठून कुठपर्यंत होती हे ठरवायला पाहिजे. राख आणि ढिगाऱ्यात हद्दी शोधायच्या, शेजाऱ्यांची भांडणं मिटवायची, रस्ता रुंद करताना ज्याची जागा गेली त्याला भरपाईचा दाखला द्यायचा. आपल्याकडं भूमी अभिलेखचा मोजणीदार जे करतो, तेच.

हे काम ज्या मोजक्या लोकांकडं गेलं, त्यात हूक होता. वर्षानुवर्षं तो शहरभर फिरून प्लॉट मोजत राहिला. आगीची आठवण म्हणून लंडनमध्ये २०२ फूट उंच खांब उभा आहे, मॉन्युमेंट. तो क्रिस्टोफर रेन आणि हूक या दोघांनी मिळून उभा केला. आतून पोकळ ठेवला, कारण उभी दुर्बीण म्हणून आणि प्रयोगांसाठी तो वापरायचा हूकचा बेत होता.

दिवसा मोजणी, संध्याकाळी कॉफी हाउस, रात्री प्रयोग. डायरीत रोजची डोकेदुखी, घेतलेली औषधं आणि कुणाशी भांडण झालं याच्या नोंदी. लग्न केलं नाही. राहायला ग्रेशम कॉलेजमधल्या खोल्या, त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत.

घड्याळाची स्प्रिंग आणि एक न झालेला करार

आता परत स्प्रिंगकडं येऊ.

समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम कुठं आहे हे कळायला अचूक घड्याळ लागायचं. लंबकाचं घड्याळ हलत्या जहाजावर चालत नाही. हूकच्या डोक्यात आलं की लंबकाऐवजी स्प्रिंग वापरली तर? स्प्रिंग जहाज हललं तरी आपल्या तालात हलत राहील.

बॉइल, ब्राउंकर आणि मरे या तिघांबरोबर पेटंटचा करार व्हायचा होता. पण मसुद्यात एक कलम असं होतं की पुढं कुणी या घड्याळात सुधारणा केली तर फायदा त्या सुधारणा करणाऱ्याला मिळेल. हूकचं डोकं फिरलं. मूळ कल्पना माझी आणि उद्या कुणीतरी एक स्क्रू बदलून सगळं घेऊन जाणार? त्यानं करार मोडला आणि कल्पना आपल्यापाशीच ठेवली.

१६७५ ला डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्सनं स्प्रिंगचं घड्याळ जाहीर केलं. हूक खवळला. सोसायटीचे सचिव ओल्डनबर्ग यांनी आपलं गुपित हायगेन्सला पोचवलं, असा त्यानं आरोप केला. घाईघाईनं थॉमस टॉम्पियन या घड्याळजीकडून घड्याळ बनवून घेतलं आणि राजे दुसरे चार्ल्स यांना दिलं. पण जगानं श्रेय हायगेन्सला दिलं ते दिलंच.

१४ अक्षरांचं कोडं

या भांडणातून हूक एक गोष्ट शिकला. कल्पना सांगितली तर चोरीला जाते आणि नाही सांगितली तर दुसरा पुढं जातो.

मग त्यानं मधला रस्ता काढला. १६७६ च्या एका छोट्या पुस्तकाच्या शेवटी त्यानं १४ अक्षरं वर्णक्रमानं छापली. कुणाला काही कळेना. दोन वर्षांनी, १६७८ ला, स्प्रिंगवरच्या पुस्तकात त्यानं कोडं सोडवून दाखवलं. ती अक्षरं नीट जुळवली की लॅटिनमधलं एक छोटं वाक्य तयार व्हायचं. त्याचा अर्थ असा की जेवढा ताण, तेवढा जोर.

साध्या भाषेत सांगायचं तर स्प्रिंगवर १० किलो टाकल्यावर ती १ सेंटीमीटर दबत असेल, तर २० किलोला २ सेंटीमीटर आणि ३० किलोला ३ सेंटीमीटर दबणार. त्यानं गुंडाळलेल्या स्प्रिंगा, घड्याळाच्या स्प्रिंगा, उंचावरून टांगलेल्या लांब तारा असं सगळं वजनं लावून तपासलं होतं. अर्थात हे एका मर्यादेपर्यंतच. मर्यादेबाहेर ओढलं की स्प्रिंग परत जागेवर येत नाही.

नियम एका ओळीचा. पण ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं सस्पेन्शन निवडताना अख्खा हिशोब इथूनच सुरू होतो.

आता हूकचा नियम गाडीला लावू

समजा २,००० किलोची कॅरॅव्हॅन आहे. ऑस्ट्रेलियात साधारण दंडक असा की ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार गाडीच्या टो बॉलवर यावा. म्हणजे २०० किलो. फार कमी ठेवला तर ट्रेलर मागं नागिणीसारखा डुलायला लागतो.

आता लोकांना वाटतं की २०० किलो म्हणजे डिकीत तीन माणसं बसवल्यासारखं. पण तसं नाही. टो बॉल मागच्या चाकांच्याही मागं असतो. तिथं वजन टाकलं की मागचा ॲक्सल सी-सॉच्या मधल्या टेकूसारखा होतो आणि पुढचं टोक वर उचललं जातं.

हिशोब करून बघू. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २.८ मीटर आणि टो बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागं धरला, तर पुढच्या चाकांवरून सुमारे ८६ किलो कमी होतात. आणि मागच्या ॲक्सलवर २०० नाही, तर २८६ किलो वाढतात. म्हणजे मागच्या प्रत्येक चाकामागं १४३ किलो.

स्प्रिंग चाकापाशी दर मिलिमीटरला ३ किलो घेत असेल तर गाडी मागं ४८ मिलिमीटर बसणार. ४ किलोची स्प्रिंग लावली तर ३६. ५ किलोची लावली तर २९. झालं, हाच हूकचा नियम.

मग सरळ सगळ्यात कडक स्प्रिंग का नाही लावायची? कारण ट्रेलर सोडल्यावर तीच गाडी रिकामी चालवायची असते. वजन कमी आणि स्प्रिंग कडक असली की चाक उसळतं, रस्ता सोडतं आणि कंबरेचे हाल होतात ते वेगळेच.

म्हणून दुकानात जायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. वजन कायमचं आहे की अधूनमधून? लोखंडी बंपर, विंच, मागं जादा टाकी, टपावर तंबू असं वजन बारा महिने गाडीवर असेल, तर त्या वजनाच्या हिशोबानं स्प्रिंगा बदलाव्यात. वर्षातून दोन-चार ट्रिपांनाच ट्रेलर लागत असेल, तर माफक कडक स्प्रिंग आणि तिच्या जोडीला हवा भरून कमी-जास्त करता येणारी एअरबॅग जास्त सोयीची. पाट्यांच्या कमानीत खालचा जाड हेल्पर पाटा हेच काम करतो. रिकाम्या गाडीत तो निवांत असतो, वजन आलं की कामाला लागतो.

एअरबॅगचं एक मात्र ध्यानात ठेवायचं. पाट्यांच्या गाडीत पाटा चासीला पुढं आणि मागं अशा दोन ठिकाणी जोर देतो. एअरबॅग लावली की तोच जोर मधे एका जागी येतो. वजन जास्त आणि रस्ता खराब असेल तर तिथं चासी वाकू शकते.

दुसरी गोष्ट शॉकॲब्सॉर्बरची. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, ती संपवत नाही. नुसत्या स्प्रिंगवर गाडी खड्ड्यानंतर वर-खाली होतच राहील. ती हालचाल मारायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं. स्प्रिंग कडक झाली की ती उलट जोरानं परत येते. म्हणून स्प्रिंग बदलली आणि शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवले तर काम अर्धवट राहतं. दोन्ही एकमेकांना जुळणारे पाहिजेत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कडक स्प्रिंग गाडीचं बूड वर उचलते, पण पुढच्या चाकांवरून गेलेले ते ८६ किलो परत आणत नाही. गाडी दिसायला सपाट होते, वजनाची वाटणी तशीच राहते. स्टेअरिंग आणि ब्रेकचा बराचसा भार पुढच्या चाकांवर असतो, त्यामुळं हे हलकं घ्यायचं नाही. ते वजन पुढं परत आणायचं असेल तर वजन वाटून देणारा दांड्यांचा हिच लागतो किंवा ट्रेलरमधलं सामान नीट लावावं लागतं.

त्याहून पुढचं म्हणजे स्प्रिंगा बदलल्या म्हणून गाडीची ओढायची क्षमता वाढत नाही. कंपनीनं दिलेली मर्यादा ब्रेक, ॲक्सल, चासी, इंजिन थंड ठेवायची ताकद हे सगळं धरून असते. ऑस्ट्रेलियात गाडीचं कमाल वजन वाढवून घ्यायचं तर त्याची वेगळी मंजुरी लागते. बूड बसतंय ही तक्रार नसून कधीकधी वजन जास्त झाल्याची ती सूचना असते. त्यामुळं आधी वजनकाट्यावर जायचं, मग दुकानात.

गाडीखाली हूकची अजून एक वस्तू आहे

१४ अक्षरांचं कोडं ज्या पुस्तकात होतं, त्याच पुस्तकात हूकनं एका सांध्याचं वर्णन केलंय. दोन दांडे एका रेषेत नसले तरी एकाचं फिरणं दुसऱ्याला पोचवणारा सांधा. मधे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. त्याला तो आकाश बघायच्या उपकरणांसाठी हवा होता.

आज फोर बाय फोरच्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला हाच सांधा असतो. गॅरेजवाले त्याला क्रॉस म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत त्याला अजूनही हूक्स जॉइंट म्हणतात.

आता याचा सस्पेन्शनशी काय संबंध? तर लिफ्ट किट लावून गाडी दोन-तीन इंच उचलली की चासी वर जाते, पण ॲक्सल जमिनीपासून आहे तिथंच राहतो. शाफ्टचा उतार वाढतो. हूकच्या सांध्याची एक खोड आहे. तो जेवढा जास्त कोनात फिरतो, तेवढा पलीकडच्या दांड्याचा वेग एका फेऱ्यात कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे सांधे सारख्या कोनात असतील तर हा फरक एकमेकांत मिटतो. उंची वाढवून तो मेळ बिघडला की गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. शिवाय उंच गाडी वळणावर जास्त झुकते. म्हणून ओढण्यासाठी गाडी पाहिजे असेल तर उंची लागेल तेवढीच वाढवायची, दिसायला भारी म्हणून नाही.

मग हूक विसरला कसा गेला?

इथं एंट्री होते आयझॅक न्यूटनची.

१६७२ ला तरुण न्यूटननं प्रकाशावरचा निबंध सोसायटीला पाठवला. हूकनं त्यावर कडक टीका केली. न्यूटनला टीका सहन व्हायची नाही. तिथं ठिणगी पडली.

१६७९ ला हूक सोसायटीचा सचिव होता. त्यानं न्यूटनला पत्र लिहून एक कल्पना मांडली. ग्रह सरळ जायला बघतो आणि सूर्य त्याला आत ओढतो, या दोन्हीची बेरीज म्हणजे ग्रहाची कक्षा. पुढच्या पत्रात अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, हेही लिहिलं. पण हे गणितानं सिद्ध करणं हूकला जमलं नाही.

जानेवारी १६८४ मध्ये हूक, रेन आणि एडमंड हॅली गप्पा मारत होते. हूक म्हणाला की सिद्धता माझ्याकडं आहे, वेळ आली की दाखवतो. रेननं दोन महिन्यांची मुदत दिली आणि ४० शिलिंगाचं पुस्तक बक्षीस लावलं. मुदत संपली, हूककडून काही आलं नाही. ऑगस्टमध्ये हॅली न्यूटनकडं गेला. त्यातून जन्माला आलं प्रिन्सिपिया, १६८७ मध्ये.

या पुस्तकात आपलं नाव यावं, अशी हूकची मागणी होती. न्यूटन इतका चिडला की त्यानं हूकचे उल्लेख बऱ्याच ठिकाणी खोडून टाकले. खरं बघितलं तर दोघांचंही काही बरोबर होतं. कल्पना हूककडं होती आणि ती सिद्ध करायची ताकद न्यूटनकडं.

त्याच वर्षी हूककडं राहणारी पुतणी ग्रेस वारली. तिथून तो एकटा आणि तिरसट होत गेला. शेवटी नजर गेली, पाय सुजले. ३ मार्च १७०३ ला ग्रेशम कॉलेजच्या त्याच खोल्यांत तो गेला. सही केलेलं मृत्युपत्र नव्हतं. कंजूष म्हणून राहणाऱ्या या माणसाच्या लोखंडी पेटीत हजारो पौंड सापडले. ती शहराच्या मोजणीची कमाई होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. १७०४ ला त्यानं प्रकाशावरचं पुस्तक काढलं. १७१० मध्ये सोसायटीनं जागा बदलली आणि त्या सुमारास कधीतरी हूकचं चित्र गायब झालं. न्यूटननं ते मुद्दाम नष्ट केलं असं सोशल मीडियावर बिनधास्त सांगितलं जातं, पण त्याला पुरावा नाही. हूकला लंडनमधल्या सेंट हेलेन चर्चमध्ये पुरलं होतं. एकोणिसाव्या शतकात तिथली हाडं हलवली गेली, त्यात त्याचीही गेली.

२००६ ला इंग्लंडमधल्या एका घरातल्या कपाटात हूकच्या हातची पाचशेहून जास्त पानं सापडली. सोसायटीच्या बैठकांच्या नोंदी होत्या. लिलावाच्या तोंडावर सोसायटीनं जवळपास १० लाख पौंड मोजून ती परत घेतली. जिथं सुरुवातीला त्याला पगार नव्हता, त्याच सोसायटीनं.

चित्र नाही, कबर नाही. पण रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक गाडीच्या स्प्रिंगला आजही हूकचाच नियम लागू आहे. पुढच्या वेळी ट्रेलर जोडल्यावर मागच्या चाकावरचं अंतर टेपनं मोजा. ट्रेलर लावायच्या आधी एकदा आणि लावल्यावर एकदा. पुढच्या चाकावरचंही तसंच. मागं किती बसली आणि पुढं किती उचलली हे दोन आकडे लिहून घ्या आणि वजनकाट्याच्या पावतीसोबत दुकानात न्या. मग जाड स्प्रिंग घ्यायची, एअरबॅग घ्यायची की ट्रेलरमधलं सामानच कमी करायचं, हे दुकानदार नाही तर तुम्ही ठरवाल.